स्मरणशक्तीची जोपासना

दिवेलागण झाली की घराघरांतून परवच्याचा सूर उठत असे, ही आठवण महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या पिढीच्या मनातून अद्याप पुसली गेलेली नाही. देवाजवळ दिवा लागला, हातपाय धुऊन मुले ओळीने बसली, की पाढे सुरू होत. तीस दाहे तीनशेपर्यंत मजल गेली म्हणजे मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांची पाळी येई. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या जगात अपूर्णांकांच्या या पाढ्यांवाचून बाजारहाट होत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि औटकी-दिडकीचे व्यवहारातील प्रयोजनच संपले. त्यांच्याबरोबर पंतोजींची छडीही गेली, याचे कोणास दुःख होण्याचे कारण नाही. परंतु त्याच ओघात एक चांगली गोष्टही मागे पडली. ती म्हणजे रोजची उजळणी.

हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पितळेचे भांडे नुसते फडताळात ठेवले तरी काळवंडते. ते वेळोवेळी घासून उजळावे लागते. शिकलेल्या गोष्टीचेही तसेच असते, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले होते. गेल्या सुमारे १४० वर्षांत मानसशास्त्राने स्मरणाविषयी जे प्रयोग केले, त्यांचा निष्कर्ष या एका शब्दाच्या आसपासच घोटाळतो, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. मात्र उजळणी म्हणजे घोकंपट्टी नव्हे. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे विद्यार्थ्यांचे किती तास वाया जातात, याची कल्पना शिक्षकांना असेलच.

विस्मरणाचा उतार

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्यापूर्वी स्मृती हा तत्त्वचिंतकांचा विषय होता. ती मोजता येते, हे त्याने दाखवून दिले. त्यासाठी त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. अर्थ असलेले शब्द घेतले तर पूर्वीच्या परिचयाची मदत होते आणि मोजमाप बिघडते, म्हणून ही खटपट. या अक्षरगटांच्या याद्या तो स्वतःच पाठ करी आणि ठरावीक काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात, ते पाही. जितके श्रम वाचले तितकी स्मृती शिल्लक, असा त्याचा हिशोब होता.

हा हिशोब डोळे उघडणारा आहे. वीस मिनिटांनंतर श्रमांची बचत ५८ टक्के होती. एका तासानंतर ती ४४ टक्क्यांवर आली, एका दिवसानंतर ३४ टक्क्यांवर. त्यानंतर मात्र घसरण मंदावली आणि ३१ दिवसांनंतरही २१ टक्के बचत टिकून राहिली. म्हणजे विस्मरणाचा उतार आरंभी एखाद्या घाटासारखा तीव्र असतो आणि पुढे सपाट होत जातो. एका माणसाने स्वतःवर केलेल्या प्रयोगावर कितपत विश्वास ठेवावा, अशी शंका रास्त ठरली असती. परंतु २०१५ मध्ये ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा उताराची रेषा बहुतांशी तशीच उतरली. निरर्थक अक्षरांऐवजी अर्थपूर्ण धडा घेतला तर विस्मरण इतके वेगाने होत नाही, हे खरे. उताराचे वळण मात्र पुष्कळसे तसेच राहते.

याच ग्रंथातील आणखी एक नोंद शाळांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. बारा अक्षरगटांची एक यादी त्याने एकाच बैठकीत ६८ वेळा म्हटली. दुसरी तशीच यादी तीन दिवसांत विभागून एकूण ३८ वेळा म्हटली. पुढे तपासले असता दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. श्रम निम्म्याच्या थोडे वर, आणि फळ तेवढेच. परीक्षेच्या आदल्या रात्री डोळ्यांवर पाणी मारून सारे पुस्तक संपवू पाहणारा विद्यार्थी वस्तुतः दुप्पट किंमत मोजत असतो. आणि त्याने मिळवलेला माल पंधरा दिवसही टिकत नाही.

यावरून उजळणीचे वेळापत्रक सहज आखता येते. आज शिकवलेला भाग आज सायंकाळी एकदा आठवावा, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. लक्षात ठेवण्याची मुदत जितकी लांब, तितके हे अंतर वाढवीत न्यावे. थोडे विसरायला झाल्यावर केलेली उजळणी अधिक फलदायी ठरते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु ते अनेक प्रयोगांत पुनःपुन्हा दिसून आले आहे.

वाचणे निराळे, आठवणे निराळे

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासासाठी देण्यात आला. पहिल्या गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तीन सत्रांत वाचला आणि चौथ्या सत्रात न पाहता आठवून लिहिला. तिसऱ्या गटाने केवळ पहिल्या सत्रात वाचन केले. उरलेली तिन्ही सत्रे कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढण्यात घालवली.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणाऱ्या गटाची सरशी झाली. त्याला ८३ टक्के मजकूर आठवला, दुसऱ्या गटाला ७८ टक्के आणि तिसऱ्याला ७१ टक्के. येथेच थांबले असते तर घोकणाराच शहाणा, असा निकाल लागला असता. परंतु आठवड्यानंतर चित्र पार पालटले. चार सत्रे वाचन करणाऱ्यांना ४० टक्के आठवले, दुसऱ्या गटाला ५६ टक्के, तर एकाच सत्रात वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. याहून विचार करण्याजोगी बाब अशी की, आपल्याला पुढे किती आठवेल असे विचारले असता सर्वांत अधिक खात्री वाचन करणाऱ्या गटालाच वाटत होती.

फसगत होते ती याच खात्रीमुळे. तोच उतारा तिसऱ्यांदा वाचताना डोळे अडखळत नाहीत, प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते आणि 'हे मला येते' असा समज होतो. पण ओळखणे म्हणजे आठवणे नव्हे. बाजारात दिसलेला चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र काही केल्या ओठांवर येत नाही. तशीच ही गत. उत्तरपत्रिकेसमोर बसल्यावर चेहरा नव्हे, नाव लागते. पुस्तक मिटून मनातून गोष्ट ओढून काढण्याचा जो प्रयत्न, तोच स्मृतीची वाट रुळवतो. प्रयत्नाला थोडे कष्ट पडले, मध्येच अडले, मग पुस्तक उघडून चूक दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती अधिक पक्की बसते.

वर्गात याचा अवलंब करण्यास वेगळा निधी लागत नाही की साहित्यही लागत नाही. तासाच्या आरंभी पाच मिनिटे राखून ठेवावीत. कालच्या पाठावरील दोन प्रश्न, मागील आठवड्यातील एक आणि मागील महिन्यातील एक, असे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे प्रत्येक मुलाने पाटीवर किंवा वहीत लिहावीत. एकट्या हुशार मुलाने हात वर करून सांगितल्यास स्मरणाचा व्यायाम त्या एकट्याचाच होतो. उत्तर तत्काळ सांगावे. आणि गुण मात्र देऊ नयेत. चाचणीला भीतीचा वास लागला की मूल आठवण्याऐवजी शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहू लागते. चाचणी म्हणजे मोजपट्टी, एवढाच अर्थ आपल्याकडे रुजला आहे. ती शिकण्याचेच एक साधन आहे, ही दृष्टी अजून म्हणावी तशी आलेली नाही.

प्रौढांच्या प्रशिक्षणालाही हेच लागू पडते. नव्याने निवडून आलेल्या पंचायत सदस्यांसाठी दोन-तीन दिवसांचे वर्ग भरतात, नियमांची जाड पुस्तिका हाती पडते आणि वर्ग संपतो. तीन महिन्यांनी ग्रामसभेच्या गणपूर्तीविषयी वाद उपस्थित झाला म्हणजे ती पुस्तिका कोणत्या कपाटात आहे, याचाच शोध सुरू होतो. यात सदस्यांचा दोष नाही. उताराचा नियम त्यांच्यासाठी स्थगित झालेला नसतो इतकेच. प्रशिक्षणानंतर आठव्या दिवशी पाच प्रश्न, महिन्याने आणखी पाच, असे साध्या दूरध्वनीवरून किंवा मासिक बैठकीत विचारले गेले, तर प्रशिक्षणावरील खर्च अधिक सार्थकी लागेल.

पाठशाळा आणि जाते

लेखनावाचून प्रचंड वाङ्मय जतन करण्याची भारतीय परंपरा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. वेदपठणाच्या परंपरेचा गौरव युनेस्कोने २००३ मध्ये केला आणि २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. ही परंपरा केवळ घोकण्यावर उभी नव्हती. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा चढत्या पायऱ्या तिने रचल्या. 'नदी, घाट, वाट' हे तीन शब्द उदाहरणादाखल घेतले तर क्रमपाठात ते 'नदी घाट, घाट वाट' असे येतात. घनपाठात मात्र 'नदी घाट, घाट नदी, नदी घाट वाट, वाट घाट नदी, नदी घाट वाट' अशी त्यांची उलटसुलट गुंफण होते. पाठात एका अक्षराचाही फरक पडू नये, हा यामागील हेतू. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट साधते. चालीच्या ओघात जीभ आपोआप पुढे सरकत असते. येथे तो ओघ पावलोपावली अडवला जातो आणि पुढचा शब्द प्रत्येक वेळी जाणीवपूर्वक आठवावा लागतो.

हे मान्य करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या पाठशाळांचे दरवाजे समाजाच्या फार मोठ्या भागाला आणि स्त्रियांना बंद होते. ज्यांना अक्षरही शिकू दिले नाही, त्यांनी आपली पाठशाळा जात्यावर भरवली. पहाटेच्या दळणाबरोबर ओव्या म्हटल्या गेल्या; आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे त्या आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून सुमारे १ लाख १० हजार ओव्या जमा झाल्या. त्या गाणाऱ्यांची संख्या तीन हजारांवर आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते; त्यांच्या रचना घरातल्या मुलांनी ऐकून उतरून घेतल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आल्या. निरक्षर म्हणजे अज्ञ, असे समीकरण मांडणाऱ्यांनी या नोंदी डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

ओवी इतकी सहज का टिकली? तिला जात्याच्या फेऱ्याची लय आहे, शेवटी जुळणारे यमक आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यात भाऊ आहे, माहेर आहे, पंढरीची वाट आहे. नवी गोष्ट जुन्या, जिव्हाळ्याच्या गोष्टीला बांधली गेली की ती सुटत नाही. याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतील एक प्रयोग सांगता येईल. तेथे एका सामान्य बुद्धिमत्तेच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ऐकलेले आकडे क्रमाने सांगण्याचा सराव देण्यात आला. आरंभी त्याला सात आकडे सांगता येत. दीड वर्षाहून अधिक काळ सराव केल्यानंतर तो ७९ आकडे सांगू लागला. तो धावपटू होता. तीन-चार आकड्यांचा गट कानी पडला की ती एखाद्या शर्यतीची वेळ आहे असे तो मानी. हा वृत्तान्त १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत पुढेच आहे. आकड्यांऐवजी त्याला अक्षरे देण्यात आली, तेव्हा तो पुन्हा सहावर येऊन थांबला.

म्हणजे त्याची 'स्मरणशक्ती' वाढली नव्हती. आकड्यांना अर्थ देण्याची हातोटी त्याला साधली होती. एखादे कोडे रोज सोडवले की सर्वच विषयांत स्मरण तल्लख होते, असे दावे करणाऱ्या जाहिरातींकडे या दृष्टीने पाहावे. दंड-बैठका काढून दंड भरतात तशी स्मृती सरसकट भरत नाही. ज्या विषयाची समज वाढते, त्या विषयाची आठवण वाढते. गावातील प्रत्येक बांधाचा इतिहास मुखोद्गत असलेल्या वृद्ध शेतकऱ्याला नातवाच्या शाळेचे नाव आठवू नये, यात विसंगती नाही.

गावाची वाट, पदराची गाठ

क्रमाने आठवायच्या गोष्टींसाठी एक प्राचीन युक्ती ग्रीक आणि रोमन वक्ते वापरत असत. ओळखीच्या वाटेवरील एकेका ठिकाणी भाषणातील एकेक मुद्दा मनाने ठेवायचा आणि बोलताना त्या वाटेने चालत जाऊन तो उचलायचा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर वर्षानुवर्षे चालणारा वारकरी सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असे मुक्काम झोपेतही सांगू शकतो, कारण ती नावे त्याच्या पायांखालून गेलेली असतात. शाळेत हीच युक्ती आपल्याच गावावर करता येते. वेशीपासून सुरुवात करावी. पार, विहीर, पिठाची गिरणी, पंचायतीची कचेरी, शाळेचे फाटक अशा ठिकाणी पाठातील दहा मुद्दे एकेक करून मांडावेत. विहिरीच्या काठावर एखादे विक्षिप्त चित्र कल्पिले तर फारच उत्तम. मुलांना ते सांगावे लागत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवख्या माणसांना या रीतीचा सराव सहा आठवडे, रोज अर्धा तास देण्यात आला. ७२ शब्दांच्या यादीतील २६ ते ३० शब्द सांगू शकणारे हे लोक त्यानंतर सुमारे ३५ शब्द अधिक सांगू लागले.

करावयाच्या कामाची आठवण हा आणखी वेगळा प्रकार. येथे पूर्वीच्या बायका पदराला गाठ मारीत आणि पुरुष उपरण्याला. 'खूणगाठ' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. 'अर्ज पाठवायचा आहे' असे नुसते मनात म्हणण्यापेक्षा 'टपालाची पिशवी आली की तो अर्ज काढीन' असा प्रसंगाशी बांधलेला संकल्प अधिक वेळा तडीस जातो, असे संशोधन सांगते. तारखा, रकमा, सुनावण्या मात्र लिहूनच ठेवाव्यात. कार्यालयीन कामकाजात स्मरणावर विसंबणे ही हुशारी नव्हे.

निद्रा आणि चाल

शिकलेली गोष्ट पक्की होण्याचे बरेचसे काम माणूस झोपलेला असताना होते. कॉर्नेल विद्यापीठातील जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्ये दोघा विद्यार्थ्यांना दहा-दहा अक्षरगटांच्या याद्या पाठ करण्यास दिल्या. आठ तास झोप झाल्यावर त्यांना निम्म्याच्या आसपास अक्षरगट आठवत. तेवढेच तास जागेपणी गेले तर जेमतेम एखादा. पुढील शंभर वर्षांत या निष्कर्षाला भरभक्कम पुष्टी मिळाली आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. आश्रमशाळा व वसतिगृहांचे वेळापत्रक तपासताना अधिकाऱ्यांनी हा आकडा हाताशी ठेवावा. पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवण्याची प्रथा शिस्तीची मानली जाते; रात्री मुले कधी झोपली, हे त्याबरोबर विचारले जात नाही. उशाशी चमकणारा भ्रमणध्वनी हा या युगाचा नवा दिवा.

शरीराच्या हालचालीचाही स्मृतीशी संबंध आहे. मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग नव्या आठवणी बसवण्यास आवश्यक असतो आणि उतारवयात तो आक्रसू लागतो. अमेरिकेत ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० जणांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे झपझप चालणाऱ्यांमध्ये हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. केवळ ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो सुमारे दीड टक्क्याने घटला. नंतरच्या सर्वच अभ्यासांत इतकी वाढ दिसलेली नाही. तरीही चालण्याने रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहतात आणि तेवढ्यानेही मेंदूचे रक्षण होते.

पाला, मुळी आणि थाळी

'बुद्धिवर्धक' चूर्णे, तेले व गोळ्या यांविषयी लोकांच्या मनात मोठे कुतूहल असते, म्हणून चार शब्द आवश्यक आहेत. चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. बाजारात 'ब्राह्मी' या एकाच नावाने दोन निराळ्या वनस्पती विकल्या जातात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मंडूकपर्णी ही त्यांपैकी एक. दुसरी, पाणथळ जागी वाढणारी लहान पानांची ब्राह्मी. तिच्यावर झालेल्या काही छोट्या चाचण्यांत सुमारे बारा आठवड्यांच्या सेवनानंतर आठवण्याच्या क्षमतेत माफक सुधारणा दिसली आणि काहींना पोटाचा त्रासही झाला. याहून मोठे दावे आज पुराव्याने सिद्ध होत नाहीत. परदेशात गाजलेल्या गिंको या वनस्पतीचे तर ३,०६९ वृद्धांवर सुमारे सहा वर्षे परीक्षण झाले. स्मृतिभ्रंश टाळण्यास तिचा उपयोग होत नसल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. नैसर्गिक म्हणून निर्धोक, असे समजून अन्य औषधांबरोबर अशी चूर्णे परस्पर घेऊ नयेत.

खरी उणीव बहुधा थाळीतच असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचे प्रमाण ६७.१ टक्के होते. लोह कमी असलेले मूल लवकर थकते आणि त्याचे लक्ष टिकत नाही. ज्या गोष्टीकडे लक्षच गेले नाही, ती आठवणार कोठून? पालेभाजी, कडधान्ये, बाजरी, नाचणी, गूळ, जमेल तेथे अंडी-मासे आणि जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा, हा आहार कोणत्याही बाटलीबंद टॉनिकपेक्षा स्वस्त पडतो. तरीही रक्तक्षय झालेल्या मुलाला केवळ आहार पुरत नाही. त्यास लोहाच्या गोळ्या लागतात. पोटात जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही. शाळा-अंगणवाड्यांतून देण्यात येणारी जंतनाशक गोळी आणि लोहाची साप्ताहिक गोळी खरोखर मुलांच्या पोटात जाते की नोंदवहीतच राहते, हे पाहणे पंचायत सदस्यांच्या हाती आहे. मीठ आयोडीनयुक्त असावे आणि त्याचा डबा झाकलेला असावा.

'ढ' ठरवण्यापूर्वी

पाठ लक्षात न राहणाऱ्या मुलावर एक शिक्का फार लवकर बसतो. तो पुसायला मग वर्षे लागतात, कधी तो पुसलाच जात नाही. मागच्या बाकावरील मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसते काय? वारंवार कान फुटणाऱ्या मुलीला शिक्षकांचे बोलणे पुरते ऐकू येते काय? ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर स्थलांतर करून परतलेल्या मुलाला मधले चार महिने शिकवलेले आठवत नाही, असे म्हणणे तर क्रूरपणाचे आहे. ते त्याच्या कानांवर पडलेलेच नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अशी तपासणी करीत आली आहेत. पथक येईल त्या दिवशी नेमके हेच मूल गैरहजर असते, असा अनुभव अनेक शिक्षक सांगतात. त्या मुलांची यादी आगाऊ करून पालकांना निरोप धाडणे, एवढे शाळेने केले तरी फरक पडेल. भीती आणि घरातील कलह हीदेखील स्मरणाची शत्रू आहेत. पोटात गोळा आलेल्या मुलाला काल पाठ असलेली कविता आज आठवत नाही, ती कविता नाहीशी झालेली नसते.

वयाच्या दुसऱ्या टोकालाही असाच एक शिक्का आहे: 'म्हातारपण, चालायचेच.' चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयोमानाप्रमाणे होतेच. पण रोजच्या वाटेवर चुकणे, पैशांचा व्यवहार न उमगणे, तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे, स्वभाव पालटणे ही निराळी लक्षणे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. प्रत्येक विस्मरण मात्र या विकाराचे नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ती विशेष आढळते), थायरॉईड ग्रंथीची मंदता, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही स्मरण ढासळते आणि उपचाराने पुष्कळदा सुधारते. यासाठी साधी रक्ततपासणी करावी लागते. म्हणून अशा व्यक्तीला अंगारे-धुपारे करण्यात महिने न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले पाहिजे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ-आयोगाने २०२४ मध्ये असे नमूद केले की, जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण १४ टाळता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहेत. त्यांत बालपणीचे अपुरे शिक्षण आहे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान व मद्यपान आहे, डोक्याला झालेली इजा आहे, एकाकीपण आहे. आणि पुष्कळांना नवल वाटेल, कमी ऐकू येणे व कमी दिसणे हीही आहेत. ऐकू येईनासे झाले की माणूस प्रथम पारावर जाणे सोडतो, मग ओसरीवरच्या गप्पांतून उठतो आणि अखेरीस घरातही कोणी त्याच्याशी बोलेनासे होते. दिवसभर ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याने काय म्हणून काही आठवावे?

केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी श्रवणयंत्रे व चष्म्यांची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेद्वारे ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी ३,००० रुपयांचे एकवेळचे साहाय्य मंजूर केले. गावात असे ऐकू न येणारे ज्येष्ठ किती, ही यादी ग्रामपंचायतीजवळ सहसा नसते. ती आशा कार्यकर्तीच्या मदतीने एका दुपारी तयार होऊ शकते.